चावदिवसाची आंघोळ: आधी कारीट, मग पोहे

नरकचतुर्दशीला आमच्या सिंधुदुर्गात चावदिवस म्हणतात. त्याची तयारी कंदील-फटाक्यांपासून नाही, कारिटापासून सुरू करा. बाकी काही राहिलं तर चालतं, कारीट राहिलं तर ती नुसती लवकर उठून केलेली आंघोळ.

कारीट म्हणजे बांधावर, कुंपणावर आपसूक वाढणाऱ्या वेलीचं छोटं, कडूजहर फळ. हिरव्या अंगावर फिकट पट्टे असतात. देशावर त्यालाच चिराटं म्हणतात. गावी असाल तर आदल्या दिवशी पोरांना मळ्यात पिटाळा. मुंबईकरांना दादरच्या फूलबाजारात झेंडूच्या ढिगाशेजारी मिळेल. हिरवंच घ्या. पिवळं पडलेलं पायाखाली नुसतं पचकतं, फट्‌ असा आवाज येत नाही, आणि पोरांना हवा असतो तो आवाजच. माणशी एक, वर दोन-चार जास्तीची. एखादं कार्टं दुसऱ्याचं फोडतंच.

आदल्या संध्याकाळी न्हाणीतला हंडा चिंचेने घासून पाणी भरा आणि त्याच्या गळ्यात झेंडू-कारिटांची माळ घाला. उटण्यासाठी मसुराचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी आणि संत्र्याच्या वाळलेल्या साली घ्या. वस्त्रगाळ करा. पाकिटातलं उटणं बऱ्याचदा भरड असतं, लहान मुलांचे गाल लाल होतात. तेल आधी, कोमट करून, टाळूपासून तळव्यापर्यंत. उटणं मागाहून, दुधात कालवून.

वेळ पंचांगात बघा. आश्विन वद्य चतुर्दशी, चंद्रोदयापासून सूर्योदयापर्यंत. कधी त्याच संध्याकाळी अमावास्या लागून लक्ष्मीपूजनही येतं. त्या दिवशी घरातल्या बायकांना पाठ टेकायला मिळत नाही, तेव्हा फराळ आधीच उरकून ठेवा.

अर्धी आंघोळ झाली की ओवाळायचं. जुन्या घरांत आघाड्याची डहाळी अंगावरून फिरवतात, ‘हर पापमपामार्ग’ म्हणत. अपामार्ग म्हणजे आघाडाच.

आता कारीट. आमच्याकडे आंघोळ झाल्यावर तुळशीसमोर फोडतात, काही घरांत आंघोळीआधी न्हाणीच्या दारात. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली धरा, ‘गोविंदा, गोविंदा’ ओरडा आणि दाबा. त्यातली एक बी जिभेला लावायची, रसाचं बोट कपाळाला. तोंड वाकडं होणारच. तो कडूपणा म्हणजे नरकासुर.

मुलं विचारतील कोण हा, तर गोष्ट थोडक्यात सांगू नका. भूदेवीचा मुलगा, प्राग्ज्योतिषपूरचा राजा. ते आजच्या गुवाहाटीच्या बाजूला. त्याने देवांची आई अदिती हिची कुंडलं पळवली, वरुणाचं छत्र नेलं, 16,100 राजकन्या डांबून ठेवल्या. कृष्ण गरुडावर बसून निघाला तो सत्यभामेला घेऊन. वाटेत मुर दैत्याला मारलं म्हणून मुरारी. मरताना नरकासुराने मागून घेतलं, की या तिथीला जो मंगलस्नान करील त्याला नरक नको. एवढा दुष्ट, पण शेवटचं मागणं लोकांसाठी! हे मला लहानपणापासून आवडतं. गोव्यात त्याच्या भल्याथोरल्या प्रतिमा रात्रभर नाचवून पहाटे जाळतात. आमच्याकडे अंगठ्यावर भागतं.

मग पोहे, नव्या भाताचे असतील तर उत्तम. ओलं खोबरं-गूळ घालून गोडे, नारळाच्या रसातले, दह्यातले, दुधातले आणि फोडणीचे तिखट. रस काढताना वेलची हवी, पण पोहे त्यात वाढायच्या वेळीच घाला, नाहीतर लगदा होतो. शेजारी निदान तीन घरी ताट गेलं पाहिजे, तिकडचंही येतंच. तिखट पोह्यांबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ. वाटाणे मात्र आदल्या दिवशी सकाळीच भिजत घाला आणि रात्री शिजवून ठेवा. पहाटे कुकर लावायला बसलात तर पोहे गार होतील.