‘डिफ्थेरॉइड्स’ असं लिहून प्लेट टाकून देण्याआधी

मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून रुग्णालयाच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते, कोरिनेबॅक्टेरियम नीट शिका. घटसर्पाचा जिवाणू ह्याच कुळातला, त्यामुळे अभ्यासक्रमात घटसर्पाची दोन-तीन पानं झाली की हा विषय संपतो. कामावर मात्र हा जिवाणू सारखा भेटतो, कारण त्याच्या कितीतरी जाती आपल्या त्वचेवर आणि नाकात कायम मुक्कामाला असतात. ग्रॅम स्टेन ह्या रंगचाचणीत काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा कोनाकोनात पडलेल्या जांभळ्या दांड्या दिसल्या की लॅबमधलं कुणीतरी ‘डिफ्थेरॉइड्स, कंटॅमिनंट’ म्हणतं, म्हणजे घटसर्पाच्या जिवाणूसारखे दिसणारे, त्वचेवरून नमुन्यात मिसळलेले जंतू, आणि प्लेट बाजूला जाते.

बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. ‘बहुतेक’मधून जे उरतं ते ओळखण्यातच आपलं खरं काम आहे. मी स्वतःला काही प्रश्न विचारते. नमुना कुठून आलाय? मणक्यातलं पाणी, सांध्यातलं पाणी, कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाचं रक्त असेल तर मी थांबते. दोन वेगळ्या जागांहून घेतलेल्या ब्लड कल्चरमध्ये एकच जात वाढली आहे का? नमुना काचेवर पसरून केलेल्या पहिल्या स्मिअरमध्ये पूपेशींसोबत ह्याच दांड्या होत्या का? प्लेटवर फक्त हाच वाढलाय का? एका बाटलीत, उशिरा, इतर जंतूंसोबत उगवलेल्या कोरिनेबॅक्टेरियमला महत्त्व देऊ नये. नाहीतर रुग्णाला व्हँकोमायसिनसारखं अँटिबायोटिक विनाकारण सुरू होतं. पण वरच्या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली, तर जात ओळखायलाच हवी. जेइकियम आणि स्ट्रायाटम ह्या जाती दीर्घकाळ दाखल असलेल्या रुग्णांमध्ये गंभीर संसर्ग करतात आणि अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत. युरिअॅलिटिकम युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतो आणि मूत्राशयाच्या अस्तरावर क्षारांचे थर बसवतो. अशा रुग्णाचं नेहमीचं यूरिन कल्चर एका दिवसात ‘वाढ नाही’ म्हणून निघू शकतं, कारण हा सावकाश वाढतो.

माझ्या मते नवख्यांनी ज्या जातीवर सर्वांत जास्त लक्ष द्यावं ती म्हणजे क्रॉपेनस्टेटी. तरुण बाईच्या स्तनात गाठ, पू, शस्त्रक्रिया, पुन्हा पू. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींची गाठ, दिसतो. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबीचा विचार आधी येतो, आणि तो यायलाही हवा. पण त्यातल्या काही बायकांच्या पुवात हा जिवाणू असतो. त्याला वाढायला चरबी लागते, साध्या ब्लड अगारवर तो पहिल्या दोन दिवसांत जेमतेम टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. म्हणून असा नमुना आला की माध्यमात ट्वीन-८० (स्निग्धाम्ल असलेलं रसायन) घाला, प्लेट चार-पाच दिवस ठेवा, आणि पॅथॉलॉजीच्या सहकाऱ्याला फोन करून विचारा की ऊतीतल्या रिकाम्या पोकळ्यांमध्ये ग्रॅम पॉझिटिव्ह दांड्या दिसतात का. त्या एका फोनमुळे एखादीचे कित्येक महिन्यांचे चुकीचे उपचार वाचू शकतात.

घटसर्प अजून गेलेला नाही. जगातल्या नोंदींमध्ये भारताचा वाटा मोठा आहे, आणि बूस्टर न घेतलेली मोठी मुलं, प्रौढ माणसंही सापडतात. स्वॅब घशात धरलेल्या पडद्याच्या कडेखालून घ्यायचा आणि लॅबला आधी कळवायचं, म्हणजे टेल्युराइटची प्लेट आणि लोफ्लर सिरमचा स्लोप ही हा जिवाणू वाढवायची खास माध्यमं तयार ठेवता येतात. अल्बर्ट स्टेनमध्ये हिरव्या दांड्यांत काळसर कण दिसले म्हणून तो जिवाणू घटसर्पाचं विष बनवतो असं ठरत नाही. विषाचा जनुक बॅक्टेरियोफेज विषाणूकडून येतो, हे १९५१ मध्ये फ्रीमनने दाखवलं. जनुक पीसीआरमध्ये कळतो. विष खरोखर बनतं का, हे एलेक चाचणी सांगते. क्लिनिकल संशय पक्का असेल तर अँटिटॉक्सिन, म्हणजे विषावरचा उतारा, आमच्या रिपोर्टची वाट बघत थांबवू नये, कारण एकदा पेशीत शिरलेलं विष त्याने परत काढता येत नाही. आणि लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी स्वतःचं टीडीचं (धनुर्वात-घटसर्प लशीचं) बूस्टर घेतलेलं असावं.

ज्यांना रुग्णालयात रमायचं नाही त्यांनाही हा जिवाणू काम देतो. घटसर्पाची लस ह्याच विषापासून बनते. विषाचा जनुक लोह भरपूर असेल तर बंद राहतो, म्हणून लस बनवताना माध्यमात लोह मोजूनमापून कमी ठेवतात. त्यासाठी जगभर वापरली जाणारी पार्क-विल्यम्स ८ ही स्ट्रेन अॅना विल्यम्स यांनी १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वेगळी केली होती. त्याच विषाचा एका अमिनो आम्लाने बदललेला, निरुपद्रवी प्रकार म्हणजे सीआरएम-१९७. न्यूमोनियाच्या अनेक कॉन्ज्युगेट लशींत, म्हणजे जंतूच्या शर्करेला प्रथिन जोडून केलेल्या लशींत, तो वाहक प्रथिन असतो, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिलमध्येसुद्धा.

ग्लुटामिकम ह्या कोरिनेबॅक्टेरियमच्या दुसऱ्या जातीचीही गोष्ट अशीच, फक्त तिथे कमी ठेवायचं असतं बायोटिन हे जीवनसत्त्व. १९५० च्या दशकात जपानच्या क्योवा हाक्को कंपनीत किनोशिता आणि सहकाऱ्यांना हा मातीतला जिवाणू ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकताना सापडला. बायोटिन अपुरं पडलं की पेशीचं आवरण बदलतं आणि ग्लुटामेट बाहेर वाहू लागतं. उसाच्या मळीत बायोटिन जास्त असतं, म्हणून मळी वापरताना पेनिसिलिन किंवा ट्वीन घालून तोच परिणाम साधावा लागतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या विद्यार्थ्यांनी हा मुद्दा जरूर खोलात वाचावा. कोंबडीच्या खाद्यात घालतात ते लायसिन हे अमिनो आम्लही बरंचसं ह्याच जिवाणूकडून येतं, कारण मक्यात लायसिन कमी असतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ग्लुटामिकम उत्तम. तो रोग करत नाही आणि एका दिवसात वाढतो. औद्योगिक स्ट्रेनसाठी पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम ह्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहाकडे कॉलेजमार्फत चौकशी करा. बायोटिन बदलत जा, पेपर क्रोमॅटोग्राफीने कागदावर घटक वेगळे करून अमिनो आम्लांना रंग देणारं निनहायड्रिन फवारा, ग्लुटामेटचा जांभळा ठिपका मोजा. मात्र यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा पेप्टोन असलेलं माध्यम घेऊ नका. त्यात बायोटिनही असतं आणि अमिनो आम्लंही, त्यामुळे निकालाचा अर्थच लागत नाही. ठरावीक रसायनांचं माध्यम तयार करा, आणि जिवाणू न घातलेल्या माध्यमाचा ठिपका प्रत्येक कागदावर शेजारी लावा.