मिठागरावर शिकलेलं: आकाशातून कलात्मक फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी

आकाशातून काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं मनात असलेली नवी मुलं मला पहिला प्रश्न विचारतात तो ड्रोनचा. कुठला घेऊ, किती उंच जातो? मी त्यांना शिरोड्याच्या मिठागराची गोष्ट सांगतो.

सिंधुदुर्गातलं हे मिठागर १९३० च्या सत्याग्रहामुळे आपल्याला ठाऊक असतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा उतरल्या उतरल्या ड्रोन थेट १२० मीटरवर नेला. दोनेकशे फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर सगळे छान आणि सगळे सारखे. वरून कुठलीही जमीन सुंदरच दिसते, आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो.

पुढच्या खेपेला दोन दिवस ड्रोन पिशवीतच ठेवला आणि बांधांवरून हिंडलो. तिथे काम करणाऱ्या एका काकांनी समजावलं: भरतीचं पाणी आधी बाहेरच्या वाफ्यांत घ्यायचं, उन्हाने आटून दाट झालं की पुढच्या वाफ्यात सोडायचं. म्हणजे वरून दिसणारा प्रत्येक चौकोनाचा वेगळा रंग हे त्या पाण्याचं वय होतं! तिसऱ्या दिवशी सकाळी फक्त ३५ मीटरवर गेलो, कॅमेरा सरळ खाली. मीठ ओढणाऱ्या काकांची सावली त्यांच्या दुप्पट लांब पडली होती. खाली आल्यावर त्यांना स्क्रीन दाखवली. स्वतःकडे त्यांनी पाहिलंच नाही. एका बांधाजवळच्या काळपट रेघेवर बोट ठेवलं, इथून पाणी झिरपतंय म्हणाले, आणि फावडं घेऊन तिकडे निघाले. माझ्या मालिकेतला तो पहिला खरा फोटो.

कोकणात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, दुपारी समुद्राकडून खारा. हे शाळेत शिकलो होतो, पण कळलं ते ड्रोन वाऱ्यासोबत खाडीवर लांब गेला आणि परतताना बॅटरी झरझर उतरत १२ टक्क्यांवर आली तेव्हा. हात कापत होते. तेव्हापासून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जातो आणि ४० टक्के उरले की परततो. घार झेपावली तर ड्रोन सरळ वर न्या, तिला तसं चढता येत नाही. पक्ष्यांचे थवे उतरलेले असतील तिथे मात्र उडवूच नका. एका फोटोसाठी थवा उठवणं मला मान्य नाही.

नियम टाळू नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही तिथे, ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. या क्षेत्रांचा सरकारी नकाशा दर वेळी पाहायचा, कारण क्षेत्रं बदलतात. २५० ग्रॅमपेक्षा जड आणि दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण प्रिंट विकायची असेल तर ती हौस राहत नाही, म्हणून प्रशिक्षण घ्याच. गडकिल्ले आणि अभयारण्यांसाठी संबंधित खात्याची लेखी परवानगी लागते. तिला वेळ लागतो, तो आधीच धरून चाला.

प्रिंटचं गणित मला फार उशिरा कळलं. २० मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ५४७२ गुणिले ३६४८, ३०० डीपीआयला, म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके धरले तर, जेमतेम १८ बाय १२ इंच होतो. भिंतभर प्रिंट हवी असेल तर खाली उतरून, एकमेकांवर थोडे चढणारे फोटो घेऊन जोडावे लागतात. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्येच काढा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा प्रकाश, थोडं कमी ठेवा. मिठाचा पांढरा जास्त प्रकाशाने एकदा जळाला की त्यातले बारकावे परत आणता येत नाहीत, आणि मॅट कागदावर तिथे नुसता कोरा कागद दिसतो. मी आधी पोस्टकार्डाएवढ्या चाचणी प्रिंट काढून भिंतीला लावतो आणि महिनाभर येता-जाता पाहतो. शिरोड्याच्या चाळीसपैकी अकराच भिंतीवर उरल्या.