मुलांना सॉफ्टबॉलची बॅटिंग शिकवताना कोणाचा सल्ला घ्यावा, आणि तो तपासावा कसा

मुलीने शाळेच्या सॉफ्टबॉल संघात नाव दिलं की सल्ल्यांना तोटा राहत नाही. क्रीडाशिक्षक सांगतात, कोपर वर ठेव. मोबाइलवरचा अमेरिकन कोच सांगतो, मागचा पाय जागेवर गरकन फिरव. क्रिकेट खेळलेले काका सांगतात, बॅट सरळ आण. तिघंही मनापासून सांगतात, पण तिघांचं एकदम ऐकलं तर चेंडू बॅटला लागत नाही. यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे घरच्या घरी ठरवता येतं.

१. सल्ला कोणत्या खेळाचा आहे ते आधी बघा

आपल्याकडे शालेय स्पर्धांत खेळतात तो फास्टपिच, म्हणजे वेगाने टाकलेल्या चेंडूचा सॉफ्टबॉल. स्लोपिचमध्ये चेंडू कमान घेऊन वरून खाली येतो, तिथली बॅटिंग वेगळी. बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) ६०.५ फुटांवर असतो, महिलांच्या फास्टपिचमध्ये ४३ फुटांवर. ताशी ९५ किलोमीटरने टाकलेला चेंडू इथे अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर, म्हणजे बॅटरसमोरच्या जमिनीतल्या पाटीवर, येतो. त्यामुळे बेसबॉलपटूसारखा पाय उंच उचलायला लागलेल्या मुलीला उशीर होतो. वयही बघा. अमेरिकेत १० वर्षांखालील मुली ३५ फुटांवरून, ११ इंच परिघाच्या चेंडूने खेळतात. मोठ्यांचा चेंडू १२ इंचांचा.

आपल्याकडचा एक खास घोटाळा शब्दांचा आहे. उजव्या क्रिकेट फलंदाजाचा ‘वरचा हात’ म्हणजे डावा. सॉफ्टबॉलमध्ये बॅट उभी धरतात, म्हणून उजव्या बॅटरचा वरचा हात उजवा. पकड तीच, नाव उलटं. व्हिडिओतलं ‘टॉप हँड’ ऐकून चुकीच्या हाताचा सराव होतो तो यामुळेच.

२. बोलणं ऐका, पण पारख स्विंगवर करा

उत्तम बॅटरही स्वतःला जे जाणवतं ते सांगतात, आणि जाणवणं व प्रत्यक्ष होणं यात फरक असतो. ‘मी वरून खाली मारते’ म्हणणारीची बॅट संथ गतीत पाहिली, तर चेंडूच्या रेषेत येऊन किंचित वर जाताना दिसते. म्हणून सल्ला ऐकला की मोठ्या सामन्यातले पाच-सहा फटके संथ गतीत बघा. सामन्यातलेच बघा, सरावाचे व्हिडिओ दाखवण्यासाठी केलेले असतात.

मागचा पाय फिरवण्याचा सल्ला असाच तपासा. जोरदार फटक्यात चांगल्या बॅटरचं वजन पुढे गेलेलं असतं, मागची टाच उचललेली असते आणि बोटं जेमतेम टेकलेली असतात. जी मुलगी आज्ञाधारकपणे मागचा पाय जमिनीत दाबून फिरवत बसते, तिचं वजन मागेच राहतं आणि फटक्यात दम येत नाही.

३. आपल्या मुलीचं चित्रीकरण करा

स्विंग सेकंदाच्या पाचव्या भागात संपतो. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत त्याच्या जेमतेम सहा फ्रेम मिळतात, २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये पन्नासेक. मोबाइल कमरेच्या उंचीवर, तिच्या छातीसमोर चार-पाच मीटरवर, जाळीआड ठेवा. इतकंच बघा:

- पुढचा पाय टेकतो तेव्हा हात अजून मागे आहेत का?
- कंबर खांद्यांच्या आधी उघडते का?
- चेंडू लागताना वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे आणि खालच्याचा जमिनीकडे आहे का?
- डोकं स्थिर आहे का?

४. एका वेळी एकच बदल

टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) आधी १० चेंडू मारून घ्या, किती सरळ आणि जोरात गेले ते लिहा. मग एकच सूचना द्या, पुन्हा १०. नव्या सवयीत पहिल्या दिवशी आकडा घसरतोच, म्हणून निकाल आठ-दहा सत्रांनी लावा.

टीची जागा चुकली तर मात्र चाचणीच वाया. बहुतेक जण टी प्लेटच्या मधोमध ठेवतात आणि मूल तिच्या अगदी शेजारी उभं राहतं. चेंडू पोटाजवळ लागतो, कोपरं अडकतात, आणि दोष स्विंगला दिला जातो. मधल्या चेंडूसाठी टी पुढच्या पायाच्या रेषेत किंवा थोडी पुढे हवी. आतल्या चेंडूसाठी आणखी पुढे, बाहेरच्यासाठी थोडी मागे.

५. कोचला विचारायचे प्रश्न

‘हे का करायचं?’ आणि ‘हे जमलं नाही तर चेंडू कुठे जाईल?’ जाणता कोच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: हात आधी सुटले तर चेंडू जमिनीवर घरंगळतो, वगैरे. प्रत्येक मुलाला तेच चार शब्द सांगणारा, तुमच्या मुलीचा व्हिडिओ बघायला नकार देणारा, किंवा आठवड्यात होमरनची हमी देऊन एखादं उपकरण विकणारा असेल तर पुढचा कोच शोधा.

एवढं करूनही स्विंग सुधारत नसेल तर बॅट तपासा. ती मुठीत धरून हात खांद्याच्या रेषेत लांब करायला सांगा. वीसेक सेकंदांच्या आत हात थरथरून खाली आला तर बॅट जड आहे, आणि जड बॅटचा दोष कुठल्याच सल्ल्याने जात नाही.