संगणकाचा आवाज गेला? ड्रायव्हरच्या आधी हिरवी पट्टी पाहा

संगणकातून आवाज येईनासा झाला की बहुतेक जण थेट ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला साउंड चिपशी बोलता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम, काढून नवा टाकायला बसतात. ड्रायव्हर शोधण्यात दुपार जाते आणि शेवटी कळतं की आवाज भलत्याच ठिकाणी जात होता. म्हणून ड्रायव्हरची पाळी उशिरा आणावी, असं माझं ठाम मत आहे.

आवाज एका वाटेने आपल्यापर्यंत येतो. आधी गाणं वाजवणारा प्रोग्रॅम, मग विंडोजचा मिक्सर, मग निवडलेलं आउटपुट, ड्रायव्हर, मदरबोर्डवरची साउंड चिप, जॅक, वायर आणि सर्वांत शेवटी स्पीकर. या वाटेवर तो कुठे अडला, एवढंच शोधायचं आहे. खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

पहिली पायरी: दोन मिनिटांच्या गोष्टी

स्पीकरचा दिवा लागलाय का आणि त्याच्यावरचं बटण पूर्ण खाली तर फिरवलेलं नाही ना, हे पाहा. लॅपटॉप असेल तर कीबोर्डच्या वरच्या रांगेतली म्यूटची कळ चुकून दाबली गेली असू शकते. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर फुली असेल तर तिथेच क्लिक करून आवाज वाढवा.

मग संगणक रीस्टार्ट करा. इथे शट डाउन आणि रीस्टार्ट यांत फरक आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना चालू ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि संगणक पुन्हा सुरू केला की तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. ‘बंद करून चालू करून पाहिलं, काही फरक नाही’ असं वाटत असेल, तरी एकदा रीस्टार्ट करून पाहाच.

दुसरी पायरी: हिरवी पट्टी

कुठलंही गाणं किंवा व्हिडिओ चालू ठेवा. स्टार्टमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ शोधून उघडा आणि त्यातलं ‘साउंड’ निवडा. समोर ‘प्लेबॅक’ नावाचा टॅब येतो. त्यात आवाज बाहेर काढणाऱ्या सगळ्या साधनांची यादी असते आणि प्रत्येकाशेजारी एक उभी पट्टी असते. एखाद्या साधनाकडे आवाज पोहोचत असेल, तर त्याची पट्टी हिरवी होऊन वर-खाली नाचते.

आता तीनपैकी एक चित्र दिसेल: पट्टी नाचतेय पण आवाज नाही, साधन दिसतंय पण पट्टी मेलेली आहे, किंवा साधन यादीतच नाही. पुढचं काम यावरून ठरतं.

पट्टी नाचतेय, आवाज नाही

विंडोज आपलं काम करतंय. अशा वेळी ड्रायव्हरला हात लावू नका.

पट्टी नेमकी कुणाची नाचतेय, ते नाव वाचा. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची वायर आवाजसुद्धा वाहून नेते. त्यामुळे नवा मॉनिटर जोडला किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत झाला की विंडोज कधी कधी मॉनिटरलाच मुख्य आउटपुट मानतं. मॉनिटरमध्ये स्पीकरच नसेल तर आवाज तिथे जाऊन विरतो. यादीत एनव्हिडिया, एएमडी (ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपन्या) किंवा ‘इंटेल डिस्प्ले ऑडिओ’ अशा नावासमोर पट्टी नाचत असेल, तर हाच प्रकार आहे. ‘स्पीकर्स’ लिहिलेल्या ओळीवर राइट क्लिक करून ‘सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस’ निवडा. अचानक आवाज गेल्याच्या तक्रारीत मी सर्वांत आधी हीच शंका घेतो.

ब्लूटूथ हेडफोनचंही असंच होतं. तो खिशात किंवा शेजारच्या खोलीत जोडलेला राहतो आणि आवाज गुपचूप तिकडे जातो. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनच्या दोन नोंदी दिसू शकतात, ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’. दुसरी निवडली गेली तर आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा बारीक येतो. गाण्यांसाठी पहिलीच निवडा.

नाव बरोबर असेल तर जॅककडे या. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला ३.५ मिलिमीटरचे रंगीत जॅक असतात: हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा, निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा. सगळेच काळे असतील तर शेजारची बारीक चित्रं बॅटरीच्या उजेडात पाहा. मागे आवाज येतो आणि पुढच्या जॅकमधून येत नाही, अशी स्थिती असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या भागातून मदरबोर्डकडे जाणारी वायर निघालेली असण्याची शक्यता मोठी आहे. तेच स्पीकर किंवा तोच हेडफोन फोनला किंवा दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला की वायर आणि स्पीकर यांच्यावरचा संशयही फिटतो.

लॅपटॉपच्या स्पीकरमधून आवाज नाही आणि हेडफोन लावला की येतो, असं असेल तर जॅकमध्ये कचरा अडकलेला असू शकतो. पिन आतच आहे, अशी लॅपटॉपची समजूत होते. हेडफोनची पिन आठ-दहा वेळा घालून काढल्याने बऱ्याचदा काम होतं. सुई किंवा टाचणी आत घालू नका.

पट्टी मेलेली आहे

आवाज ड्रायव्हरपर्यंत आलेलाच नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, साउंड, मग ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडा (विंडोज १० मध्ये त्याचं नाव ‘ॲप व्हॉल्यूम अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस’ असं आहे). तिथे प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा असतो आणि एखाद्याचा शून्यावर असू शकतो. ब्राउझरच्या टॅबवर राइट क्लिक करून ती साइट म्यूट केलेली नाही ना, हेही बघा.

सगळेच प्रोग्रॅम मुके असतील तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा. ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ आणि ‘विंडोज ऑडिओ’ या दोन्ही सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारे विंडोजचे प्रोग्रॅम, ‘रनिंग’ असायला हव्यात आणि त्यांचा स्टार्टअप प्रकार ‘ऑटोमॅटिक’ हवा. पहिलीवर दुसरी अवलंबून आहे, म्हणून त्याच क्रमाने रीस्टार्ट करा.

साधनच दिसत नाही

आधी ‘प्लेबॅक’मधल्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’ला खूण करा. कुणीतरी बंद केलेलं साधन फिकट रंगात वर येतं, ते ‘एनेबल’ करायचं. तरीही काही दिसत नसेल, तर आता ड्रायव्हर.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ हा गट पाहा. पिवळा त्रिकोण किंवा खाली वळलेला बाण असलेल्या ओळीवर दोनदा क्लिक केलं की एक कोड दिसतो. कोड २२ म्हणजे साधन बंद करून ठेवलंय, कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही, कोड १० म्हणजे साधन सुरूच होऊ शकलं नाही. कोड २२ असेल तर साधन ‘एनेबल’ करा, नाहीतर पुढच्या क्रमाने जा:

१. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही.

२. ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज साधन पुन्हा ओळखतं आणि आपल्याजवळचा ड्रायव्हर बसवतं. ड्रायव्हरही पुसून टाकण्याची चौकट पहिल्या खेपेस रिकामीच ठेवा.

३. ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये स्वतःच्या संगणकावरून निवडण्याचा पर्याय घ्या आणि यादीतून ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडा. हा विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर आहे. अनेक संगणकांवर निदान आवाज परत आणायला तो पुरतो.

४. एवढं करूनही यश नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या, किंवा डेस्कटॉप असेल तर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्या. मॉडेल माहीत नसेल तर स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा, तिथे लिहिलेलं असतं.

या यादीतल्या चौथ्या मुद्द्याबद्दल मी जरा आग्रहाने सांगतो. साउंड चिप रिअलटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीची असली तरी प्रत्येक कंपनी तिची जोडणी आपल्या पद्धतीने करते, म्हणून मॉडेलप्रमाणे दिलेला ड्रायव्हरच सुरक्षित. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये दुरुस्त करू’ असं सांगणारे प्रोग्रॅम टाकू नका. ते चुकीचा ड्रायव्हर बसवू शकतात आणि सोबत नको असलेले प्रोग्रॅमही घेऊन येऊ शकतात. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’ हा वेगळा ड्रायव्हरही लागतो. तो नसेल तर ऑडिओ ड्रायव्हर कितीदा टाकला तरी साधन दिसत नाही. त्याच सपोर्ट पानावर ‘चिपसेट’ या विभागाच्या आसपास तो सापडतो.

‘डिव्हाइस मॅनेजर’च्या त्या गटात साउंडचं नावच नसेल तर संगणक सुरू होताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ किंवा ‘एचडी ऑडिओ’ चालू आहे का पाहा.

दोष चिपचा की विंडोजचा?

उबुंटूसारखं लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करा आणि काहीही इन्स्टॉल न करता नुसतं वापरून पाहण्याचा पर्याय निवडा. डिस्कवरच्या फायलींना धक्का लागत नाही. तिथे आवाज आला तर चिप ठणठणीत आहे आणि दोष विंडोजमध्येच आहे. मग आवाज चालत होता त्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजने साठवून ठेवलेली तेव्हाची स्थिती, वापरून पाहा. तिथेही शांतता असेल तर चिप गेल्याचा संशय बळावतो, पण अगदी नव्या लॅपटॉपवर लिनक्सलाच चिप ओळखता आलेली नसू शकते.

चिप खरंच गेली असली तरी मदरबोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड मिळतं. त्यात स्वतःची वेगळी चिप असते, विंडोज त्याला सहसा कुठलाही ड्रायव्हर न मागता ओळखतं आणि स्पीकरची पिन त्यातच लावायची. ते लावल्यावर ‘प्लेबॅक’मध्ये त्याचं नाव डिफॉल्ट करायला विसरू नका.