परदेशात ज्वारीची भाकरी चिरत असेल तर

थापतानाच कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना तुकडे पडायचे. सोलापूरला मालदांडी ज्वारीचं गिरणीतून आणलेलं ताजं पीठ असायचं. इथे मिळतं ते जुनं, विरी गेलेलं, म्हणजे चिकटपणा उरलेला नसतो. जास्त मळून पाहिलं, कणीक मिसळली, चव गेली. अगदी रडकुंडीला आले होते.

सोलापूरहून आईने फोनवर उकड सांगितली आणि जमलं. वाटीभर पाणी मीठ घालून खळखळ उकळा. गॅस बंद करून वाटीभर पीठ घाला, ढवळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. ज्वारीत ग्लूटेन नसतं. उकळत्या पाण्याने स्टार्च फुगून चिकटपणा येतो. कोमट असतानाच पाण्याचा हात लावून एका भाकरीपुरतंच मळा, लगेच थापा. तव्यावर वरून पाणी फिरवा, ते पूर्ण सुकायच्या आत उलटा.