विज्ञानकथा मालिकेत क्विअर आणि नॉन-बायनरी पात्र कसे लिहावे

विज्ञानकथा लिहिणाऱ्याला एक सोय आयती मिळते. माणसाबद्दल जे बोलायला निर्माते किंवा वाहिनी बिचकतात, ते परग्रहावरच्या जमातीवर, यंत्रमानवावर किंवा रूप बदलणाऱ्या प्राण्यावर सोपवून मोकळे होता येते. क्विअर (रूढ लैंगिक चौकटीत न बसणाऱ्या) आणि नॉन-बायनरी (स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणाऱ्या) पात्रांच्या बाबतीत दूरचित्रवाणीने ही सोय वर्षानुवर्षे वापरली आणि तिच्यामुळे काही उत्तम भाग लिहिले गेले, हेही खरे आहे. मात्र त्या अंतराळयानावर, त्या दूरच्या शतकात अशी माणसे स्वतः कुठे आहेत, हा प्रश्न तसाच राहिला. मराठीत वेब मालिकेची किंवा श्राव्य मालिकेची पटकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे आणि त्यातला माझा मुख्य आग्रह एवढाच आहे, की कथेतल्या कल्पित विज्ञानाने पात्र झाकले जाऊ नये, ते त्यातून अधिक स्पष्ट दिसावे.

सर्वप्रथम वेगळेपण कोणाच्या वाट्याला द्यायचे, हे ठरवावे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा ‘द आउटकास्ट’ हा भाग मार्च १९९२ मध्ये दाखवला गेला. त्यातल्या जेनाई जमातीत लिंगभेद हे मागासलेपणाचे लक्षण मानले जाते आणि जो कोणी स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवेल, त्याच्यावर ‘उपचार’ केले जातात. सोरेन मनातून स्वतःला स्त्री मानते, रायकर या अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते आणि पकडली जाते. सुनावणीत ती जे बोलते ते आजही अंगावर काटा आणते. रायकर तिला सोडवायला पोहोचतो तोवर उपचार झालेले असतात आणि आपण आजारी होतो, आता बऱ्या झालो आहोत, असे ती शांतपणे सांगते. समलिंगी व्यक्तींवर लादल्या जाणाऱ्या तथाकथित उपचारांवरची ही टीका प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. तरीही सोरेनची भूमिका अभिनेत्रीने केल्यामुळे पडद्यावर एका पुरुषाचे आणि एका स्त्रीचेच प्रेम दिसले. सोरेन अधिक स्पष्टपणे पुरुषासारखी दिसायला हवी होती, असे रायकर साकारणाऱ्या जोनाथन फ्रेक्स यांनीही पुढे म्हटले. याहून खोल अडचण अशी, की स्त्री-पुरुष या चौकटींबाहेर राहणारे लोकच या कथेत जुलूम करणारे ठरले. म्हणून रूपक वापरायचे असेल तर ते उलट बाजूने एकदा वाचून पाहावे, त्यात अन्यायकर्ता म्हणून कोण उभा राहतो हे तपासावे आणि त्याच कथेत, कोणत्याही रूपकाविना, एखादे साधे क्विअर माणूसही असू द्यावे.

त्यानंतर कथेतल्या समाजाचे नियम लिहून काढावेत. त्या जगात कशाला बंदी आहे, कशाला नाही आणि पात्राच्या वाटेतला अडथळा नेमका कुठून येतो, हे पानभर तरी स्पष्ट लिहावे, कारण पूर्वग्रह संपलेले भविष्य दाखवायचे आणि संघर्षासाठी मात्र आजचाच पूर्वग्रह उसना आणायचा, ही विसंगती प्रेक्षकांच्या लगेच लक्षात येते. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’च्या ‘रिजॉइन्ड’ (१९९५) या भागाने हे फार नेटकेपणाने साधले आहे. ट्रिल जमातीत एक सहजीवी प्राणी एका यजमानाच्या शरीरातून पुढच्या यजमानाच्या शरीरात जातो आणि आधीच्या जन्मातल्या नात्यांकडे परत वळणे याला तिथे सर्वांत कडक बंदी आहे. ती मोडणाऱ्याला हद्दपारी भोगावी लागते आणि सहजीवी प्राणी त्याच्याबरोबरच संपतो. जॅडझिया डॅक्स आणि लेनारा कान या पूर्वजन्मीचे पती-पत्नी, आता दोघी स्त्रिया. अवकाशस्थानकावरचे सगळे जण त्यांच्याबद्दल काळजीने बोलतात, पण ती काळजी फक्त पुनर्मीलनावरच्या बंदीची असते. दोघी स्त्रिया आहेत याचा उल्लेखही कोणी करत नाही. त्या मौनातूनच ते भविष्य कसे आहे ते कळते. कल्पित नियम असा असावा, की त्याच्या ताणातून पात्रांचे प्रेम खरे वाटू लागेल.

पात्र स्वतःबद्दल पहिल्यांदा बोलते तो प्रसंग लिहिताना बहुतेकांचा हात जड होतो. ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’च्या तिसऱ्या पर्वातला (२०२०) अदिरा ताल या पात्राचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. अदिरा ही किशोरवयीन, अत्यंत हुशार व्यक्ती अभियंता पॉल स्टॅमेट्ससोबत एका मोठ्या कोड्यावर काम करत असते. आधीच्या भागांत सगळ्यांनी अदिराला ‘शी’ (इंग्रजीतले ‘ती’) म्हटलेले असते आणि स्टॅमेट्सही ओघात तेच म्हणतो. तेव्हा अदिरा जरा अडखळत सांगते, की मला ‘शी’ कधी आपलेसे वाटले नाही, यापुढे ‘दे’ (स्त्री की पुरुष ते न दाखवणारे इंग्रजी सर्वनाम) म्हणावे. स्टॅमेट्सचे उत्तर एका शब्दाचे : ‘ओके’. पुढे आपला जोडीदार डॉ. कल्बर याच्याशी बोलताना तो नवे सर्वनाम सहज वापरतो आणि विषय कामाकडे वळतो. हा प्रसंग चालू कामाच्या मधोमध येतो, त्यासाठी कथा थांबत नाही. सांगणाऱ्याच्या आवाजात धाकधूक आहे, कारण आधीचे भाग अदिराने गप्प राहून काढले आहेत हे प्रेक्षकाने पाहिले आहे. ऐकणाऱ्याच्या प्रतिसादात मात्र भाषण नाही. शिवाय ऐकणारा स्वतः समलिंगी आहे, त्यामुळे त्या एका शब्दामागे एक आयुष्य उभे आहे. अदिराची भूमिका करणारे ब्लू डेल बारिओ स्वतः नॉन-बायनरी आहेत आणि त्या अडखळण्यातला सच्चेपणा मला तिथूनच आलेला वाटतो. आपला प्रसंग लिहिताना पात्राच्या हातात काहीतरी काम द्यावे, प्रतिसाद कबुलीपेक्षा छोटा ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक भागात इतर पात्रांकडून योग्य उल्लेखच होईल, याची काटेकोर दक्षता घ्यावी.

पात्राला कथेत काम असले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. ग्लाड या अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये चित्रपट-अभ्यासक व्हिटो रूसो यांच्या नावाने एक कसोटी मांडली; तिचा शेवटचा निकष असा, की ते पात्र काढून टाकले तर कथानकाला ठळक फरक पडला पाहिजे. ही कसोटी चित्रपटांसाठी आखलेली असली तरी मालिकेलाही तंतोतंत लागू पडते. मनाने एकमेकांशी जोडल्या गेलेल्या आठ अनोळखी माणसांच्या ‘सेन्स८’ (२०१५ ते २०१८) या मालिकेतली नोमी मार्क्स ही पारलिंगी (जन्माच्या वेळी पुरुष ठरवली गेलेली) स्त्री, सॅन फ्रान्सिस्कोतली हॅकर, तिच्या कौशल्याविना पुढची कथा घडूच शकत नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पहिल्या काही भागांतच दिसते. नोमी रुग्णालयात अडकली आहे, आई तिला अजूनही जुन्या नावाने हाक मारते आहे आणि तिच्या मेंदूवर करायच्या शस्त्रक्रियेचा निर्णय तिच्या संमतीशिवाय घेतला जातो आहे. आपल्या शरीराबद्दल दुसऱ्यांनीच ठरवावे, ही पारलिंगी व्यक्तीची रोजची भीती आणि संपूर्ण मालिकेतले मुख्य संकट इथे एकच झाले आहे. मालिकेच्या कर्त्यांपैकी लाना वाचोव्स्की आणि नोमी साकारणाऱ्या जेमी क्लेटन या दोघीही पारलिंगी आहेत. असा प्रसंग बाहेर उभे राहून सुचणे कठीण आहे.

शरीर बदलण्याचे तंत्रज्ञान हा विज्ञानकथेचा हुकमी विषय असल्याने त्याचा मोह आवरावा लागतो. ‘डिस्कव्हरी’तला ग्रे ताल हा पारलिंगी तरुण, अदिराचा जोडीदार, मालिकेत आला तोच मृत्यूनंतर, फक्त अदिराला दिसणारा म्हणून, चौथ्या पर्वात त्याला कृत्रिम शरीर मिळाले खरे, पण थोड्याच भागांनंतर तो कथेतून निघून गेला. त्याला सर्वांनी पाहावे ही धडपड हृद्य होती, तरीही अशा पात्राची सुरुवातच अदृश्यतेने व्हावी हे मला आजही खटकते. ‘द ऑर्व्हिल’ने जवळपास अशाच साधनाचा वेगळा उपयोग केला. २०१७ च्या पहिल्या पर्वात, पुरुषप्रधान नव्हे तर केवळ पुरुषांच्याच समजल्या जाणाऱ्या मॉक्लन जमातीत जन्मलेल्या मुलीचे लिंग न्यायाधिकरणाच्या आदेशाने बदलले जाते. २०२२ मध्ये तेच मूल, टोपा, मोठे होऊन आपल्यात काहीतरी चुकले आहे असे सांगू लागते, खरे काय ते शोधून काढते आणि परतीचा निर्णय स्वतः घेते. पहिल्या कथेत मोठी माणसे तिच्याबद्दल वाद घालत होती. दुसरीत ती बोलते. शरीर बदलणारे यंत्र कथेत आणायचे असेल तर ते सुरू करण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, एवढा एक प्रश्न लेखकाने सतत समोर ठेवावा.

मृत्यूबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. मार्च २०१६ मध्ये ‘द हंड्रेड’मधली लेक्सा, मालिकेची नायिका क्लार्क हिच्यासोबत अखेर जवळीक साधल्यानंतर काही क्षणांतच, दुसऱ्यासाठी झाडलेल्या गोळीने मरते. प्रेक्षकांचा संताप इतका तीव्र होता, की मालिकेच्या कर्त्याने जाहीर माफी मागितली आणि चाहत्यांनी ट्रेव्हर प्रोजेक्ट या क्विअर तरुणांची आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी निधी उभारला. त्याआधी ‘टॉर्चवुड’मधला, एका पुरुषाच्या प्रेमात असलेला इयांटो २००९ मध्ये गेला, तेव्हा कार्डिफच्या बंदरावरच्या भिंतीवर चाहत्यांनी त्याच्यासाठी चिठ्ठ्या आणि फुले लावली होती. अशी पात्रे मोजकीच असतात, म्हणून एकाच्या जाण्याने प्रेक्षकाच्या वाट्याचे सगळेच जाते. क्विअर पात्र मरूच नये असा नियम मी सांगणार नाही. मात्र ते सुखाच्या क्षणानंतर लगेच, अपघाताने, दुसऱ्या कोणाच्या कथेला चालना देण्यासाठी मरत असेल तर ते पान फाडून पुन्हा लिहावे. ‘ब्लॅक मिरर’च्या ‘सॅन जुनिपेरो’ (२०१६) मध्ये एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोन्ही नायिका देहाने मरतात आणि त्यांची मने संगणकात रचलेल्या गावात राहतात, तरी तो भाग आनंदाचा वाटतो, कारण कुठे, कोणासोबत आणि किती काळ राहायचे हे त्या दोघी ठरवतात.

नॉन-बायनरी व्यक्तिमत्त्व फक्त यंत्राला किंवा रूप बदलणाऱ्या प्राण्याला देणे टाळावे. ‘मर्डरबॉट’सारखे यंत्र-पात्र स्वतःच्या जागी उत्तमच आहे, पण मालिकेत तशी माणसे कोणीच नसतील, तर लिंगाच्या चौकटीबाहेर असणे म्हणजे माणूस नसणे, असा अर्थ नकळत निघतो.

मराठीत लिहिताना व्याकरणाचा खास प्रश्न येतो. ‘सेन्स८’मधली मुंबईची कला दांडेकर पडद्यावर इंग्रजी बोलते, त्यामुळे तिच्या लेखकांना त्याची झळ लागली नाही, आपल्याला लागते. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. त्यावर सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्या व्यक्तींना काय आवडते ते विचारणे, कारण काही जण एकच रूप निवडतात आणि काही जण दोन्ही आलटून पालटून वापरतात. पात्राला लिंगदर्शक क्रियापद नकोच असेल, तर मराठीत वाटा पुष्कळ आहेत : ‘मला कळलं’, ‘मला निघायचंय’, ‘मी ते यंत्र उघडलं’, ‘मी उद्या येईन’. यांपैकी एकाही वाक्यातून बोलणारा स्त्री की पुरुष हे कळत नाही आणि एकही वाक्य ओढूनताणून केलेले वाटत नाही. इतरांच्या तोंडी ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ ही आदरार्थी रूपे चालतात. ‘ते आलं’ हे नपुंसकलिंगी एकवचन मोठ्या माणसासाठी तुच्छतादर्शक वाटते, म्हणून पात्राने स्वतः निवडले नसेल तर ते वापरू नये. तसेच नॉन-बायनरी पात्राला सरसकट ‘तृतीयपंथी’ म्हणू नये; त्या शब्दामागे एक ठरावीक समाज, त्याची गुरू-चेल्यांची परंपरा आणि त्याचा स्वतंत्र लढा आहे.

पहिला मसुदा झाल्यावर तो क्विअर वाचकांकडून, शक्यतो एकाहून अधिक जणांकडून, रीतसर मानधन देऊन वाचून घ्यावा आणि संवाद त्यांच्याकडूनच मोठ्याने म्हणवून घ्यावेत. वाचताना जीभ कुठे अडते, कुठल्या वाक्यावर ते थांबतात, हे समासात टिपून ठेवावे आणि दुसरा मसुदा त्या खुणांपासून सुरू करावा.