मधूनच येणारा ५०२: एन्जिनएक्स आणि नोड, माझा अनुभव

समोर एन्जिनएक्स (ब्राउझरची रिक्वेस्ट घेऊन मागे पाठवणारा वेब सर्व्हर), मागे नोड (आमचं जावास्क्रिप्ट अ‍ॅप चालवणारा सर्व्हर), आणि दिवसातून काही वेळा उगाच ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आलं नाही, असा एरर) यायचा, तोही जास्त करून पोस्ट रिक्वेस्टलाच, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या रिक्वेस्टला. एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये एवढंच की अपस्ट्रीमने (म्हणजे मागच्या नोडने) कनेक्शन आधीच बंद केलं. नोडच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टचा पत्ताच नाही. रॅम वाढवली, वर्कर वाढवले, रीड टाइमआउट वाढवला, काही फरक नाही. दोन आठवडे अक्षरशः झोप उडाली होती.

कारण असं निघालं की एन्जिनएक्सच्या अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये कीपअलाइव्ह चालू होतं, म्हणजे तो रिकामं कनेक्शन बाय डिफॉल्ट ६० सेकंद जपून ठेवतो, पण आमचा नोड तेच ५ सेकंदांत बंद करत होता, आणि नेमकं बंद होताना त्यावरून रिक्वेस्ट गेली की ५०२. गेट (नुसती माहिती मागणारी रिक्वेस्ट) असेल तर एन्जिनएक्स परत पाठवून बघतो, पोस्ट एकदा पाठवली की परत पाठवत नाही (दोनदा नोंद होऊ नये म्हणून, ते बरोबरच आहे).

आधी नोडमध्ये सर्व्हर ऑब्जेक्टचा कीपअलाइव्ह टाइमआउट ६५००० मिलीसेकंद केला, मग हेडर्स टाइमआउट (रिक्वेस्टचे हेडर्स पूर्ण येईपर्यंत थांबायची वेळ) ६६०००, मग नोड रीस्टार्ट. एन्जिनएक्सला हात लावला नाही. मागच्याची (नोडची) कनेक्शन जपायची वेळ पुढच्यापेक्षा (एन्जिनएक्सपेक्षा) जास्त हवी, उलटं नको. त्यानंतर असा ५०२ एकदाही नाही.